भिंतीवर टांगलेली उत्तरपत्रिका

मे-जूनचे दिवस आले की लातूर-नांदेड रस्त्यावरच्या चौकाचौकांत निकालाचे फलक झळकू लागतात. गुणवंतांची छायाचित्रे, त्यांच्या नावापुढे मिळालेले गुण आणि खाली शिकवणीवर्गाचे नाव, असा त्या फलकांचा थाट असतो. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून महाराष्ट्रभर गाजलेल्या अभ्यासपद्धतीचा हा वार्षिक उत्सवच म्हणावा लागेल. त्यात गैर काही नाही. कोरडवाहू शेतीच्या या पट्ट्यात मुलांचे शिक्षण हीच बहुसंख्य कुटुंबांची एकमेव गुंतवणूक असते, आणि गुंतवणुकीचे फळ चारचौघांत दाखवावे असे कोणालाही वाटणारच. परंतु या साऱ्या फलकांवर एक गोष्ट कधीच दिसत नाही. विद्यार्थ्याने परीक्षेत प्रत्यक्ष काय लिहिले, हे परीक्षकावाचून कोणालाही ठाऊक नसते. अलीकडच्या प्रवेशपरीक्षांत तर पर्यायांची काळी केलेली वर्तुळे यंत्रच वाचते. समाजाच्या हाती येतो तो केवळ आकडा.

या सार्वत्रिक नियमाला आपल्या शिक्षणव्यवस्थेत एक लक्षणीय अपवाद आहे. कलामहाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका भिंतीवर टांगली जाते. चार वर्षांत हात काय शिकला, डोळ्याने काय टिपले, बुद्धीने काय निवडले आणि काय टाकून दिले, याचा हिशेब तो सर्वांसमक्ष मांडतो. रस्त्याने जाणारा माणूसही आत येऊन ती उत्तरपत्रिका वाचू शकतो, नाक मुरडू शकतो, थबकू शकतो. इतका खुला हिशेब अर्थशास्त्राचा पदवीधर देत नाही आणि त्याचा प्राध्यापकही देत नाही.

प्रश्न एवढाच आहे की ही भिंत कोठे उभी असते आणि तिच्यासमोर उभे राहण्याची संधी कोणाला मिळते. अहमदपूर, चाकूर, लोहा, कंधार या भागांतून जी मुले चित्रकला वा शिल्पकला शिकण्यासाठी बाहेर जातात, त्यांचे अंतिम प्रदर्शन त्यांना धाडणाऱ्या गावाच्या दृष्टीला कधीच पडत नाही. विकासाच्या ज्या अनुशेषाविषयी मराठवाड्यात आपण चार दशके बोलत आलो, त्यातला हा एक न मोजलेला रकाना आहे.

प्रदर्शन म्हणजे नेमके काय?

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे वार्षिक प्रदर्शन हे आपल्याकडील या प्रकाराचे सर्वांत जुने आणि सर्वांत परिचित उदाहरण. जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली ही शाळा उभी राहिली. २०२३ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. रंगचित्रे, शिल्पे, मातीकाम, धातुकाम, वस्त्रकाम अशा निरनिराळ्या विभागांतील विद्यार्थ्यांची कामे वर्गांतून आणि व्हरांड्यांतून मांडली जातात. पारितोषिके दिली जातात, लोक येतात, रसिक आणि संग्राहक येतात, काही कामे विकलीही जातात. वर्गातल्या लाकडी घोड्यांवर वर्षभर बसलेला विद्यार्थी त्या दिवसांत प्रथमच यजमान होतो. आपल्या चित्राशेजारी उभे राहून अनोळखी माणसाच्या प्रश्नाला उत्तर देणे हा त्याच्या शिक्षणातला शेवटचा आणि कदाचित सर्वांत अवघड धडा असतो.

मुंबईबाहेर छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे शासनाची कलामहाविद्यालये आहेत. खाजगी संस्था अनेक आहेत, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून कलाशिक्षक पदविकेचे, म्हणजे ज्याला सर्वजण ए.टी.डी. म्हणून ओळखतात त्या अभ्यासक्रमाचे, वर्ग चालतात. १९६५ साली स्थापन झालेल्या कला संचालनालयाकडे शासकीय चित्रकला परीक्षांपासून राज्य कला प्रदर्शनापर्यंतची व्यवस्था आहे, आणि त्या राज्य प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विभाग असतो. यंत्रणा नाही असे म्हणता येणार नाही. परंतु यंत्रणेचा ओघ एकाच दिशेने वाहतो. चित्रे तालुक्याकडून शहराकडे जातात. शहराकडून तालुक्याकडे परत येते ते प्रमाणपत्र.

आकडा आणि वस्तू

अर्थशास्त्राच्या वर्गात माहितीच्या विषमतेचा एक सिद्धांत शिकवला जातो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा चांगला माल बाजारातून हळूहळू हुसकला जातो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली पुढचे पाऊल टाकले. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची खरी कुवत दिसत नाही, म्हणून पदवी ही त्या कुवतीची खूण ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह या दोघांना २००१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच विचारासाठी.

हा सिद्धांत कलाविद्यार्थ्याला लावून पाहावा. त्याच्या बाबतीत खुणेची गरजच उरत नाही, कारण वस्तू समोर असते. चित्र चांगले आहे की सुमार, हे गुणपत्रिकेवरून ठरवावे लागत नाही. पाहणाऱ्याला डोळे आणि थोडी सवय असली की पुरे. याचा अर्थ असा की, प्रदर्शन ही समारंभाची बाब नसून बाजारातील माहितीची उणीव भरून काढणारी व्यवस्था आहे. १९८८ साली लंडनच्या गोदी भागातील एका रिकाम्या इमारतीत गोल्डस्मिथ्स महाविद्यालयाच्या काही विद्यार्थ्यांनी स्वतःच प्रदर्शन मांडले. डेमियन हर्स्ट हा त्यांचा म्होरक्या होता. आणि पुढील दशकात ब्रिटिश कलेत गाजलेली कित्येक नावे त्या इमारतीतून बाहेर पडली. पाहणारे तेथपर्यंत पोहोचले म्हणून ते घडले.

पाहणारा पोहोचलाच नाही तर? तर कलाविद्यार्थ्याचा हा एकमेव लाभ नाहीसा होतो आणि तो पुन्हा इतरांसारखाच कागदावरच्या आकड्याचा धनी होतो. त्यातही तोट्यात, कारण वैद्यक वा अभियांत्रिकीच्या आकड्याला बाजारात जी पत आहे ती चित्रकलेच्या आकड्याला नाही. शहरातील मुलाच्या प्रदर्शनाला आईवडील, शेजारी, शाळेतले शिक्षक, ओळखीचा एखादा वास्तुविशारद किंवा जाहिरात संस्थेतला गृहस्थ येऊन जातो. अहमदपूर तालुक्यातील मुलाच्या चित्रासमोर यांपैकी कोणीही नसते. मुंबई येथून पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. सोयाबीनची काढणी आणि हरभऱ्याची पेरणी यांच्या मधल्या चार दिवसांत चित्र पाहायला मुंबईस जाऊन यावे, ही अपेक्षा कोणत्या शेतकऱ्याकडून करावी?

काही वर्षांपूर्वी माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील महाविद्यालयात भेटायला आले होते. मुलगा बारावीनंतर चित्रकला शिकायला गेला होता. वडिलांची तक्रार नव्हती. त्यांचा प्रश्न साधा होता : ‘‘सर, पोरगं चार वर्षं झाले तिथं काय करायलंय, ते एकदा डोळ्यानं बघावं वाटतंय.’’ ज्याने खर्च सोसला त्याला झालेले काम पाहायला मिळावे, यापेक्षा वाजवी मागणी दुसरी कोणती असू शकेल? आमच्याकडे तिला उत्तर नाही.

मराठवाड्याच्या भिंती

चित्र पाहण्याची दृष्टी ग्रामीण भागात नाही, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. इतिहास या समजाला साथ देत नाही. जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतलेल्या एका मोठ्या कामाची पाठशाळा मराठवाड्यातच होती. १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या लेण्यांत मुक्काम करून तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांपैकी एक. अंधाऱ्या गुहांत ओणवे राहून त्यांनी रेषा कशी वळते आणि बोटांचा भाव कसा बोलतो हे अभ्यासले. ग्रिफिथ्स यांचा या चित्रांवरील ग्रंथ १८९६-९७ साली प्रसिद्ध झाला.

त्या प्रतिकृतींचे पुढे काय झाले, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या लंडनला पाठवण्यात आल्या आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत त्यांतील बऱ्याच जळून गेल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रतिकृतीही १८६६ साली लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या होत्या. पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्या पथकातून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा यांच्यासारखे तरुण चित्रकार अजिंठ्यास आले, आणि त्यांच्या जोडीला हैदराबाद संस्थानातील सय्यद अहमद आणि महंमद फजलुद्दीन हेही होते. मराठवाड्याच्या भिंतींवरून विद्यार्थी शिकले आणि त्यांचे काम सातासमुद्रापार गेले. परंतु अजिंठ्याच्या परिसरातील चार गावांना ते काम पाहायला मिळावे, अशी कल्पना त्या काळच्या राज्यकर्त्यांना सुचली नाही. ती आपल्यालाही अजून सुचलेली नाही, ही खेदाची गोष्ट होय.

आणि दृष्टीविषयीच बोलायचे तर औसा तालुक्यातील खरोशाची लेणी, निलंग्याचे नीलकंठेश्वराचे मंदिर, देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे यांच्या सावलीत वाढलेल्या माणसाला दगडातली लय समजत नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. त्याला समकालीन चित्रे परिचयाची नाहीत, कारण ती त्याच्यापर्यंत आणली गेलेली नाहीत.

अनुशेषाचा एक रकाना

१९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याला निधी, शिक्षण आणि नोकऱ्यांत न्याय्य वाटा देण्याची हमी होती. राज्यघटनेच्या ३७१(२) या कलमातही तंत्रशिक्षण आणि व्यावसायिक शिक्षणाच्या पुरेशा सोयींचा स्पष्ट उल्लेख आहे. १९८३ साली नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपये आणि त्यांपैकी मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी रुपये असा काढला होता. सिंचन, रस्ते, विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा असे विषय तीत होते. कलेचा रकाना नव्हता. त्या वेळी तो नसणे समजण्याजोगे होते. ज्या गावाला रस्ता नाही तेथे चित्रप्रदर्शनाची चर्चा कोणी केली असती तर ती थट्टा ठरली असती.

आज अहमदपुरातून राष्ट्रीय महामार्ग जातो. विद्यापीठ नांदेडला आहे, तेही १९९४ पासून. परिस्थिती पालटली तरी रकाना मात्र तसाच अनुपस्थित राहिला. आणि कलाशिक्षण हे शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाखालीच येत असल्यामुळे, घटनेतील त्या कलमाच्या कक्षेबाहेर ते आहे असे म्हणायलाही जागा नाही.

येथे कोणी म्हणेल की, अनुशेष मोजायचा तो उपयुक्त गोष्टींचा. चित्रांचा उपयोग काय? उपयोगाचा हा मुद्दा टाळून चालणार नाही, कारण ज्या घरातला मुलगा चित्रकला शिकायला जातो त्या घरात तो रोज विचारला जातो.

शिखरावरचा एक आणि पायथ्याचे हजार

चित्रकलेची महती पटवताना मोठ्या किमतींचे दाखले देण्याची पद्धत आहे. पंढरपुरात जन्मलेले आणि उमेदवारीच्या काळात मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवून पोट भरलेले म. फि. हुसेन यांचे १९५४ सालचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलरना, म्हणजे शंभर कोटी रुपयांहून अधिक किमतीला विकले गेले. भारतीय ग्रामजीवनाची तेरा दृश्ये असलेले हे चित्र १९६४ पासून ऑस्लोच्या एका रुग्णालयाच्या मालकीचे होते. भारतातल्या खेड्याचे इतके मोठे चित्र सहा दशके नॉर्वेत राहिले आणि भारतातल्या कोणत्याही खेड्याने ते पाहिले नाही, हा योगायोग बोलका आहे.

परंतु असे दाखले विद्यार्थ्यांपुढे ठेवणे मला धोक्याचे वाटते. शर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ साली दाखवून दिले की, काही व्यवसायांत कौशल्यातील थोड्याशा फरकाने प्राप्तीत प्रचंड तफावत पडते. शिखरावरच्या मूठभरांना सारे मिळते आणि बाकीच्यांच्या वाट्याला थोडके येते. चित्रकला हा तसा व्यवसाय आहे. म्हणून धोरण आखायचे ते शिखरावरच्या एकासाठी नव्हे, पायथ्याच्या हजारांसाठी.

हे हजार काय करतात? पूर्वी त्यांच्यापुढे दोन खात्रीच्या वाटा होत्या. एक दुकानांच्या पाट्या आणि फलक रंगवण्याची. दुसरी शाळेतल्या चित्रकला शिक्षकाची. पहिली वाट गेल्या वीस वर्षांत संगणकावर छापल्या जाणाऱ्या फ्लेक्सने जवळजवळ बंद केली. ज्या चौकांत रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन शिडीवर चढलेला पेंटर दिसे, तेथे आता छापील कापड एका तासात टांगले जाते. दुसरी वाट अरुंद झाली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद आहे. कायद्याने ‘अंशकालीन’ हा शब्द वापरला आणि शंभराची अट घातली, तेव्हाच लहान गावांच्या शाळा आणि पूर्ण वेतनाची अपेक्षा या दोन्ही गोष्टी बाजूला पडल्या.

त्याच वेळी शाळांतून एक विलक्षण विसंगती दिसते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांना मुले उत्साहाने बसतात, कारण इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्याला दहावीत अतिरिक्त गुण मिळतात. पालक मुलाला चित्रकलेच्या परीक्षेला बसवतात ते टक्केवारीत भर पडावी म्हणून. भर पडली की रंगपेटी माळ्यावर जाते. म्हणजे जी एकमेव विद्या आकड्याच्या जुलमातून मुक्त होती, तिलाही आम्ही आकड्याच्या चाकरीला लावले. याचा दोष पालकांना देता येणार नाही. चित्रकला शिकलेला माणूस पुढे काय करतो, हे त्यांनी पाहिलेलेच नसते. न पाहिलेल्या मालाला गिऱ्हाईक नसते, हा बाजाराचा पहिला नियम येथेही लागू पडतो.

चित्रे गावाकडे

प्रदर्शन माणसांकडे नेण्याची कल्पना नवी नाही, आणि ती परक्या देशातूनच घ्यावी लागेल असेही नाही. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन खानदेशात फैजपूर येथे भरले. महात्मा गांधींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनचे नंदलाल बोस आपल्या सहकाऱ्यांसह तेथे आले आणि बांबू व गावात मिळणाऱ्या वस्तू यांतून त्यांनी अधिवेशनाची नगरी सजवली. पुढे १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी शेतकरी, कारागीर, वादक, कुस्तीगीर यांची चित्रे रंगवून ती येण्याजाण्याच्या वाटांवर लावली. चित्र पाहायला तेथे कोणाला जिना चढावा लागला नाही.

परदेशातला दाखला मात्र आमच्या विषयातला आहे, म्हणून देतो. १९३५ साली इंग्लंडमध्ये प्रौढशिक्षणाचे काम करणाऱ्या एका संस्थेने लहान गावांत चित्रांची फिरती प्रदर्शने सुरू केली. चित्रांसोबत समजावून सांगणारा माणूसही जात असे. महायुद्धाच्या काळात संगीत आणि कला यांना प्रोत्साहन देण्यासाठी जे मंडळ स्थापन झाले, त्याने या कामाला पाठबळ दिले, आणि १९४२ पासून त्या मंडळाचे अध्यक्ष होते जॉन मेनार्ड केन्स. युद्धाच्या खर्चाची तोंडमिळवणी कशी करावी, या विवंचनेत असलेला हा अर्थशास्त्रज्ञ लहान गावांतील लोकांना चित्रे पाहायला मिळावीत यासाठीही वेळ काढत होता. त्या मंडळातूनच १९४६ साली ग्रेट ब्रिटनची आर्ट्स कौन्सिल उभी राहिली. बाँबच्या वर्षावाखाली जे परवडले ते शांततेच्या काळात आपल्याला परवडत नाही, असे म्हणणे कठीण आहे.

माझी सूचना अगदी मर्यादित आहे. दरवर्षी राज्यातील कलामहाविद्यालयांच्या अंतिम वर्षाच्या प्रदर्शनांतून तीस-चाळीस कामे निवडावीत. निवडीत मराठवाड्यातून गेलेल्या विद्यार्थ्यांना योग्य स्थान असावे. एवढी चित्रे एका लहानशा टेंपोत मावतात. लातूर जिल्ह्याचे तालुके १० आणि नांदेडचे १६. एका तालुक्याला एक आठवडा दिला तर सहा महिन्यांत दोन्ही जिल्हे पुरे होतात. दिवाळीनंतर निघालेली गाडी पावसाळ्याच्या आत परत येते. जागेसाठी नवे कलादालन बांधण्याची गरज नाही. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालय आहे, आणि त्याला एक सभागृह किंवा वाचनालयाचे दालन असतेच. खर्च वाहतुकीचा, विम्याचा आणि सोबत जाणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या मानधनाचा. एखाद्या तालुक्यात दोन दिवसांच्या महोत्सवाच्या मांडवावर जो पैसा उडतो, त्याच्याशी या खर्चाची तुलना वाचकांनीच करावी.

यातील सर्वांत महत्त्वाचा भाग सोबत जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा आहे. ज्याने चित्र काढले तोच ते समजावून सांगणार असेल, तर पाहणाऱ्याचा संकोच जातो आणि काढणाऱ्याचाही अहंकार ठिकाणावर येतो. ‘हे असे का काढले?’ या साध्या प्रश्नाला साध्या मराठीत उत्तर देता येत नसेल, तर त्याला आपले चित्र पुन्हा एकदा पाहावे लागेल. माझ्या मते ही त्याची खरी तोंडी परीक्षा ठरेल.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, विद्यार्थ्यांची कामे अपक्व असतात आणि सर्वसामान्यांपुढे मांडल्यास वाद उद्भवतात. हा आक्षेप काल्पनिक नाही. मे २००७ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात पदव्युत्तर परीक्षेसाठी मांडलेल्या एका विद्यार्थ्याच्या कामांवर बाहेरच्यांनी आक्षेप घेतला, विद्यार्थ्याला अटक झाली आणि त्याची पाठराखण करणाऱ्या प्रभारी अधिष्ठात्यांना निलंबित करण्यात आले. देशभरातल्या कलाशिक्षकांत त्या प्रकरणाने भीती आणि संताप दोन्ही निर्माण केले. मात्र परीक्षेसाठी मांडलेले काम आणि लोकांसाठी निवडलेले काम या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. परीक्षेच्या दालनात विद्यार्थ्याला चुकण्याची पूर्ण मोकळीक हवी, आणि तेथे जमावाला प्रवेश असता कामा नये. गावाकडे जाणारे काम शिक्षक आणि विद्यार्थी मिळून निवडतील. ओळख नसलेल्या गोष्टीविषयी संशय लवकर वाढतो. परिचय हाच त्यावरचा उपाय, आणि हे प्रदर्शन परिचयाचेच साधन आहे.

दुसरा आक्षेप असा की, आता सारी चित्रे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहता येतात, मग गाडी फिरवण्याचे कारण काय? पडद्यावर चित्राचा आकार समजत नाही, रंगाचा थर दिसत नाही, शिल्पाची पाठ दिसत नाही. मुख्य म्हणजे पडद्यावर कोण काय पाहील, हे त्याच्या पूर्वीच्या आवडीवरून ठरते. ज्याने कधी चित्र पाहिले नाही त्याच्यापुढे चित्र आपण होऊन येत नाही. सभागृहात मात्र तलाठी कार्यालयात कामाला आलेला माणूस पावसाची सर चुकवायला म्हणून आत शिरतो आणि अर्धा तास थांबतो.

तिसरा आक्षेप आम्हा शिक्षकांकडूनच येईल. अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे आणखी कोठे बसवायचे? यावर माझे उत्तर असे की, आठवड्यातला एक तास दिला तरी पुरेल. इतिहासाच्या शिक्षकाने अजिंठ्याविषयी, मराठीच्या शिक्षकाने वर्णनाविषयी आणि अर्थशास्त्राच्या शिक्षकाने मूल्य आणि किंमत यांतील भेदाविषयी त्या चित्रांसमोर उभे राहून बोलावे. वर्गातला निबंध त्या आठवड्यापुरता चित्रांवर द्यावा. लिपिकवर्गाने जेवणाच्या सुटीत एक फेरी मारावी. यासाठी कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.

काय पणाला लागले आहे

या प्रश्नात काही मूठभर मुलांच्या हौसेचा संबंध आहे, असे समजण्याची चूक होऊ नये. एखादा प्रदेश आपल्या मुलांना कोणत्या विद्यांसाठी धाडतो आणि त्यांच्याकडून परत काय मागतो, यावर त्या प्रदेशाची घडण ठरते. आपण मुलांकडून आकडे मागितले आणि त्यांनी ते आणून दिले. हजारो डॉक्टर आणि अभियंते या कोरडवाहू मातीने दिले, याचा अभिमान बाळगलाच पाहिजे. पण याच मातीतून चित्रकार, शिल्पकार, मातीकाम करणारे, वस्त्रांची नक्षी आखणारेही निघतात, आणि त्यांना आपण विचारतो तो प्रश्न फक्त ‘नोकरी लागली का?’ एवढाच. त्यांनी काय केले, हे दाखव असे आपण कधी म्हटलेले नाही. ज्याच्या कामाकडे त्याच्या गावाने कधी पाहिले नाही, तो गावासाठी काम करण्याचे हळूहळू सोडून देतो. तो शहराला पाहायला आवडेल तेच रंगवू लागतो. मग आमची ढेकळे, आमचा दुष्काळ, आमच्या यात्रा आणि आमची माणसे चित्रांतून दिसत नाहीत, अशी तक्रार करण्याचा अधिकार आम्हाला उरत नाही.

जिल्हा नियोजन समित्या, विद्यापीठाचा विद्यार्थी विकास विभाग, कला संचालनालय आणि तालुक्यातली महाविद्यालये यांनी एकत्र बसून येत्या हिवाळ्यात एक गाडी निघेल एवढे पाहावे. पहिल्या वर्षी दोनच तालुके होतील, कदाचित पाहणारे थोडे असतील, निवडीवर टीका होईल. होऊ द्यावी. उत्तरपत्रिका उघडी ठेवण्याचे धैर्य या मुलांनी दाखवले आहे. ती वाचायला जाण्याचे कष्ट आपण घेऊ शकत नसलो, तर निदान ती आपल्या दारापर्यंत येईल अशी व्यवस्था करणे हे आपले कर्तव्य आहे.